पिंपळपानाचं झाकण

चितेगावला कारखाना असलेल्या त्या साहेबांनी मला ओळखलं नाही, ही त्यांची पहिली चूक. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दुकानात ते ऐटीत बसले आणि रुमालातून घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. माणूस मी एक वेळ विसरले असते. ते घड्याळ विसरणं शक्यच नव्हतं. त्यांच्या वडिलांचं, स्विस, रोज किल्ली द्यावी लागणारं. पांढरी तबकडी वयानं चहाच्या रंगाची झालेली.

बारा वर्षांपूर्वी हेच घड्याळ माझ्या बाबांकडे आलं होतं. याच रस्त्यावर त्यांचं टपरीएवढं दुकान होतं. साहेबांना तबकडी रंगवून पांढरीशुभ्र हवी होती. बाबा नाही म्हणाले; मूळ रंग एकदा गेला की तो कोणालाच परत आणता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यावर साहेब म्हणाले होते, "सांगितलं तेवढं करायचं. आम्हाला शिकवायचं नाय."

बाबांनी मशीन उघडून साफ केलं, तेल दिलं, तबकडी होती तशी ठेवली. मग मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं तारीख आणि आपली खूण कोरली. ही घड्याळजींची जुनी रीत आहे. आधी कोणाचा हात लागलाय ते पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. बाबांची खूण पिंपळाचं पान, तांदळाच्या दाण्याएवढं.

महिन्याभरात घड्याळ बंद पडलं. साहेब दोन माणसं घेऊन आले आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगितलं, की यानं असली चाकं काढून नकली बसवली, ह्या लोकांच्या हातात किमती वस्तू द्यायलाच नको होती. रामरामाला जयभीमनं उत्तर देणाऱ्या माझ्या बाबांना 'ह्या लोकांच्या' म्हणजे कोणाच्या, हे विचारावं लागलं नाही. त्या दिवसानंतर चांगली घड्याळं आमच्याकडे यायची थांबली. बाबा भिंतीवरच्या घड्याळांचे सेल बदलत बसले. पुढे हात कापायला लागले आणि दुकानाचं शटर कायमचं खाली आलं.

मी इरेला पेटून हेच काम शिकले. आज या शहरातली बरीच भारी घड्याळं माझ्या टेबलावर येतात. या दुनियेतल्या फॅशनचा थांग लागत नाही. मधे थाळीएवढी घड्याळं मिरवणारे लोक आता लहान, जुन्या वळणाची शोधतात. परदेशी कारागीर धातूच्या पट्ट्यांच्या कडा पुन्हा हातानं घासून आरशासारख्या करतात. नव्या घड्याळाच्या तबकडीला मुद्दाम जुनाट पिवळट रंग देतात, आणि खरोखरच जुनी, कोणी हात न लावलेली तबकडी असेल तर शौकीन तिच्यासाठी जीव टाकतात. म्हणजे साहेबांच्या रुमालात काय होतं, ते मला कळत होतं. साहेबांना कळत नव्हतं.

त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. व्याह्यांच्या घड्याळाला मागून काच आहे, आतलं मशीन दिसतं, तसंच हवं होतं. तबकडी पांढरी, कडा चकाचक. मी सहज विचारलं, आधी कुठे दाखवलं होतं का? तेव्हा ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "बंद पडलं तवा पुण्यात दाखवलेलं, बारा वर्षं झाली. सगळं मशीन असली हाय म्हणाले. नुसतं पाणी गेलतं."

नुसतं पाणी. म्हणजे त्यांना बारा वर्षं माहीत होतं. आमच्या दारात येऊन एक शब्द टाकायला त्यांना सवड झाली नाही.

दुसऱ्या कोणाला मी चहा पाजून तीनदा बजावते, की तबकडीला हात लावू नका, घड्याळाची किंमत तिथंच आहे. त्यांना म्हटलं, "जसं म्हणाल तसं, साहेब." पावतीवर सगळं काम त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं. खोटं कशाला बोलू, ती तबकडी धुताना मला मजा आली. वर्षानुवर्षांचा रंग कापसावर उतरला. घड्याळाच्या डबीच्या, कोणीतरी हातानं काढलेल्या धारदार कडा मी पॉलिशच्या चाकावर धरून गोल गुळगुळीत केल्या. मागे काच बसवली. जुनं झाकण त्यांना देऊ केलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, काय करायचंय त्याचं."

लग्नानंतर महिन्यानं ते आले ते लालबुंद होऊन. मुंबईहून एक शौकीन खास हे घड्याळ बघायला आला होता. हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, याचा तर जीवच काढून टाकलाय कोणीतरी. चहाही न घेता गेला.

"आधी का नाय सांगितलं?"

मी पावती समोर सरकवली. "सांगितलं तेवढं केलं, साहेब. तुम्हाला शिकवायचं नाय." मग ड्रॉवरमधून ते झाकण काढून आतली बाजू वर करून ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला. पान बघितलं, तारीख बघितली, मग पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. घड्याळ खिशात घालून ते पायऱ्या उतरले. असा दिवस मला आयुष्यात दुसरा आठवत नाही.

ते झाकण घेऊन मी घरी धावतच गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कापत्या हातानं झाकण खिडकीच्या उजेडात धरलं. आपलं पान बराच वेळ बघितलं. ते हसतील म्हणून मी वाट बघत होते.

"तबकडी धुतलीस?"

"व्हय."

"तुझ्या हातानं?"

मी मान डोलावली.

"माझं नाव त्यानं घालवलं," बाबा म्हणाले. "घड्याळानं काय केलं होतं?"

साहेबांसाठी मला आजही तिळभर वाईट वाटत नाही. पण कापसावर उतरलेला तो रंग आठवतो. त्या दिवशी दुकानात ठेवायला म्हणून मी झाकण परत मागितलं. बाबांनी ते दिलं नाही.