बंद केलं की पुन्हा बोलणारे सर

माझा हा शहाणपणा ऐकायचाच असंल तर आधी हातातला चहा संपवा. मधीच ठसका लागला तर मी जबाबदार न्हाई!

तेव्हा मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये संगणक विभागाचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे काय, विभागात मी एकटाच! आमच्या अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. आपण मनगटाएवढं मशीन उघडतो आणि पोरगं टेबलाएवढं उघडतंय, म्हणजे लई शिकलंय, असं त्यांना वाटायचं. खरं सांगू? मलाबी तसंच वाटायचं.

क्लासचे मालक, आमचे सर, किल्लारीच्या बाजूचे. भूकंपात गाव पडलं, तसे लातूरला आले आणि पत्र्याच्या एका खोलीत बारा पोरांना गणित शिकवायला बसले. बघता बघता तिथं तीन मजली इमारत उभी राहिली! निलंग्यापासून उमरीपर्यंतची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन यायला लागली. आणि सरांचा आवाज? त्यांनी नुसतं खाकरलं तरी शेजारच्या वर्गात वह्या उघडायच्या.

वीस कॉम्प्युटरची नवी लॅब झाली. तिथं पोरांनी सराव परीक्षा सोडवायच्या. पण पोरंच ती, गप्पा हाणायची, पेंगायची. सर म्हणाले, "सलीम, मी किती वेळा जिना चढू? माझा आवाजच ठेव की त्या डब्यात."

माईकसमोर बसून सरांनी तीन वाक्यं दिली, "काय चाललंय? मान खाली! पुढचा प्रश्न!"

मी छोटासा प्रोग्रॅम बनवला. चालू केला की लगेच एकदा बोलायचा, मग दर दहा मिनिटांनी. पोरांनी पहिल्याच दिवशी शोध लावला. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं की सर गायब!

मी पेटलो. आणि एका मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीत मला ते घावलं. एवढंसं सॉफ्टवेअर. त्यात दोनच चौकोन महत्त्वाचे. एकावर टिक केली की तुमचा प्रोग्रॅम पडद्यावरून नाहीसा, पण आत चालूच. दुसऱ्यावर टिक केली की कुणी तो बंद पाडला तरी क्षणात आपोआप पुन्हा चालू!

मी करून बघितलं. प्रोग्रॅम गेला. खालच्या पट्टीवर नाव न्हाई, निशाण न्हाई. मी कंट्रोल-अल्ट-डिलीट करून यादीतून त्याला हुडकून मारला. आणि दुसऱ्या क्षणाला आतून सर गरजले, "काय चाललंय?"

अंगावर काटा आला हो! अब्बा बंद घड्याळ चालू करायचे, त्याला अर्धा दिवस जायचा. इथं मेलेलं आपणहून उठून बसून राहिलं! मी पंधरा-वीस वेळा मारला, तो पंधरा-वीस वेळा उठला. हात जोडायचेच तेवढे बाकी होते.

वीसही मशीनवर बसवलं. चालू होतानाच ते सुरू व्हावं अशी सोय केली. शेवटी ते सॉफ्टवेअरच पोरांना दिसू नये म्हणून त्यालाबी त्याच्याच पहिल्या चौकोनानं लपवलं आणि वर परवलीचा शब्द लावला. काय हुशारी!

दोन दिवसांनी सर नांदेडला गेले. दुपारी लॅब झाडायला गेलेल्या सुमनमावशी झाडू तिथंच टाकून पळत आल्या.

"सलीमभाऊ, सर तर नांदेडला गेल्यात न्हवं?"

"हाव."

"मग आत कोन बोलून राहिलं? मी जरा टेकले, तर म्हनले, काय चाललंय!"

आता इथं मी खरं सांगायला पायजे होतं. पण कलाकाराचा जीव! मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "मावशी, सर कुठंबी असू द्या, लक्ष इथंच असतंय."

झालं! मावशींनी ते खानावळवालीला सांगितलं, खानावळवालीनं पोरांना वाढलं, पोरांनी घरी कळवलं. आठवड्यात गावभर झालं की सर नांदेडात बसून लातूरच्या पोरांना बघतेत. मुदखेडहून एक आई आली. लॅबच्या दारातच चप्पल काढून तिनं कॉम्प्युटरला नमस्कार केला. पोरांचं पेंगणं बंद झालं. सर मला म्हणाले, "काय केलंस रे? पोरं लई सुधारली!" मी नुसतं हसलो. सरांनाबी पुढं विचारायची गरज वाटली न्हाई.

ही कीर्ती थेट सरांच्या गुरुजींपर्यंत गेली. सरांच्या लहानपणी गावात शाळेला खोलीबी नव्हती, तर या माणसानं बाभळीखाली फळा टेकवून वर्ग भरवला होता. सरांना त्यांनीच पहिलीपासून घडवलेलं. ते स्वतः लॅब बघायला येणार म्हटल्यावर सरांनी पडदे लावले, पालक बोलावले, शाल आणली. सर सकाळपासून घामाघूम. जगात ते भीत असतील तर या एका माणसाला!

गुरुजी आले. पांढरं धोतर, हातात काठी. पोरं आणि पालक गच्च उभे. गुरुजी बोलायला उठले, "बाळांनो..."

कोपऱ्यातलं मशीन ओरडलं, "काय चाललंय?"

गुरुजी थांबले. पुन्हा म्हणाले, "बाळांनो, मी..."

दुसरं मशीन म्हणालं, "मान खाली!"

सरांचा चेहरा खडूसारखा झाला. दातांतून म्हणाले, "सलीम, बंद कर!"

मी धावलो. एकावरचा प्रोग्रॅम मारला, तो लगेच उठून नव्यानं ओरडला. मला मदत करायला पोरं सरसावली. जिथं बंद करावं तिथं सर पुन्हा पहिल्यापासून सुरू! परवलीचा शब्द आठवून राहिलो, तर मला माझी जन्मतारीख आठवली, शाळेचा हजेरी नंबर आठवला, तेवढा शब्द सोडून सगळं आठवलं.

मग म्हटलं, मुळावरच घाव घालू. पळत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे थांबले, दिवे गेले, पडद्यांमुळं खोलीत अंधार. आणि अंधारात वीसच्या वीस मशीन सुखरूप चालू! लाईट गेली तर पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून मीच हट्टानं मोठी बॅटरी बसवून घेतली होती.

"पोरांनो, सगळ्यांनी मशीन रीस्टार्ट करा!" मी ओरडलो. हा माझा शेवटचा आणि सर्वात थोर निर्णय.

तोवर सर एकेका कोपऱ्यातून, मागंपुढं बोलत होते. आता वीस मशीन एकदम उठली, आणि वीस सर एका सुरात गरजले,

"काय चाललंय? मान खाली!"

काय सांगू तो आवाज! खिडकीच्या काचा थरथरल्या. आणि खोलीतल्या सगळ्यांनी, पालकांनी, पोरांनी, सुमनमावशींनी, खरंच मान खाली घातली. मीबी घातली. हळूच वर बघितलं तर गुरुजींचीसुद्धा मान खाली! आणि त्यांच्या बाजूला सर, ते तर स्वतःच्याच आवाजाला भिऊन उभे. जन्मात एवढी शिस्त मी बघितली न्हाई.

तेवढ्यात उमरीची एक पोरगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, हळूच मला म्हणाली, "सर, स्पीकरचं बटन बंद केलं तर?"

पोरांनी वीस बटनं फिरवली. अर्ध्या मिनिटात शांतता. मी त्या पोरीकडं बघतच राहिलो. एवढा लपवाछपवीचा कारभार केला, पण आवाज जिथून येतो तिथं माझं लक्ष गेलंच न्हाई!

मेन स्विच वर गेला, दिवे आले. गुरुजींनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, पण हसून राहिले होते. सरांना म्हणाले, "अरे, बाभळीखाली मी तुला हेच म्हणायचो की रे! जसंच्या तसं जपलंस." सर वाकून पाया पडले.

मग गुरुजींनी विचारलं, "हे केलं कुणी?"

सरांनी बोट माझ्याकडं केलं. गुरुजी काठी टेकत माझ्यापाशी आले, डोक्यावर हात ठेवला, त्या पोरीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं आणि सरांना मायेनं म्हणाले,

"लेकरू कष्टाळू दिसतंय. प्रवेश चालू हायत न्हवं अजून? यालाबी बसव, त्या पोरीच्या मागच्या बाकावर."