हसनभाईंचा बादशाही रंग

हसनभाई माणसाला नावाने नव्हे, रंगाने ओळखत. मला ते 'फिका पोपटी' म्हणत. बोटीतून कुवेतला उतरलो तेव्हा मी त्याच रंगाचा झालो होतो म्हणे.

रत्नागिरीचे हे रंगारी कुवेतच्या अहमदी गावात तेल कंपनीची क्वार्टर्स रंगवत. सगळी बदामी. "ह्यो रंग नाय, कावीळ हाय," असं पुटपुटत ते ब्रश बुडवत.

एकदा कुवेतजवळच्या फैलाका बेटावर, जुन्या ग्रीक वस्तीचं खोदकाम करणाऱ्या परदेशी मंडळींच्या खोल्या रंगवायला गेले आणि विद्वान होऊनच परतले. "जुने ग्रीक लोक पांढऱ्या पुतळ्यांचे ओठपण रंगवायचे. म्हंजे देवालापण रंगारी लागायचा!" त्याहून मोठी बातमी म्हणजे, राजांची जांभळी वस्त्रं समुद्री शंखातल्या किड्याच्या चिकाने रंगत. ऐऱ्यागैऱ्याने तो रंग अंगावर घातला तर शिक्षा.

तेव्हा गावी त्यांच्या मुलीचं, सकीनाचं लग्न ठरलं होतं आणि यांना सुट्टी मिळत नव्हती. "मी नाय तर नाय, माझा रंग तरी जाईल," म्हणाले. पांढरी ओढणी आणली आणि शुक्रवारी मला घेऊन किनाऱ्यावर शंख वेचायला निघाले.

दोन पोती शंख फोडून तो चीक तुपाच्या डब्यात भरला आणि डबा क्वार्टर्समागे उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की कुणीतरी गॅसगळतीची वर्दी दिली. भोंगा वाजला. अख्खी गल्ली मैदानात. सुरक्षेचा गोरा साहेब गॅसचा मुखवटा चढवून थेट डब्यापाशी पोचला.

"क्या है ये?"

"साब, बादशाही रंग!"

साहेबाने डबा पुरायला सांगितला, वर परत मायदेशी धाडायची धमकी. हसनभाईंनी हात जोडले, "पाच मिनिट, साब. बेटी की शादी है." ओढणीची कड बुडवली आणि उन्हात धरली. पिवळट कड हिरवी झाली, बघता बघता जांभळी. नीट बघायला साहेबाने मुखवटा काढला आणि लगेच परत चढवला. पण धमकीचं पुढे काही बोलला नाही.

दोन पोत्यांत चार बोटं कड रंगली. ओढणी गावी गेली.

दीड महिन्याने सकीनाचं पत्र आलं. हसनभाईंना वाचता येत नसे, म्हणून मी वाचलं. "अब्बा, लग्नात तुमची ओढणी घेतली. सासू म्हणाली, मासळीचा वास येतो, काढ. मी नाय काढली."

"परत वाच."

परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. हसनभाई नुकत्याच रंगवलेल्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, इतके जवळ की ओला रंग नाकाला लागला. चौथ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. मीच वाचलं.