तीनदा पडला तो पिकअपमध्ये

माझी वहिनी गाड्यांच्या सीटा शिवते. तिच्या दुकानात शिरायचं म्हणजे आधी फोमच्या ढिगातून वाट काढायची, मग रेक्झिनच्या गुंडाळ्या ओलांडायच्या, आणि तेवढ्यात शिलाई मशीनच्या पलीकडून आवाज येतो, "बूट बाहेर, भावजी! कापड पसरलंय." वय बावन्न, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, आणि तोंड मात्र सहा फुटांचं. हे मी तिच्या तोंडावरही म्हणतो. ती म्हणते, "मापाने शिवून देऊ का तुमचं?"

मी लिफ्ट दुरुस्त करतो. डोकं तापट आहे, ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पुन्हा सांगत नाही. आमची चौघांची टोळी आहे: मी, वहिनी, दातांचे डॉक्टर आणि ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. चौघांकडे डोंगरात चालवायच्या उंच, धिप्पाड मोटारसायकली, आणि वर्षातून एकदा एकच ठरलेली खिंड ओलांडायची. डांबर संपतं तिथून वर नुसते दगड, मध्ये बर्फाच्या पाण्याचा ओढा, आणि वर पोचलं की श्वास पुरत नाही. माझा मोठा भाऊ म्हणतो, "पैसे देऊन हाडं मोडून घ्यायला जाता." म्हणू दे.

टोळीचा नियम एकच, तोही मास्तरांचा. नियम केल्याशिवाय त्या माणसाला अन्न गोड लागत नाही. एका वर्षी डॉक्टर दमलेले असूनही हट्टाने चालवत राहिले, पडत राहिले, आणि शेवटी मनगट मोडून बसले. दोन महिने सगळ्या गिऱ्हाइकांच्या दाढा ठणकत होत्या. तेव्हापासून ठरलं, ज्याची गाडी तीनदा आडवी होईल त्याची गाडी सामानाच्या पिकअपमध्ये चढवायची आणि त्यानेही त्यातच बसायचं. चर्चा नाही.

गेली दोन्ही वर्षं पिकअपमध्ये बसली ती एकटी वहिनी. तिला गाडी येत नाही असं नाही, हो! दिवसभर ती माझ्यापेक्षा झकास चालवते. पण थांबायची वेळ आली की पाय पुरत नाहीत, आणि धाडकन. यंदा तिने जाहीर करून टाकलं, "यंदा स्वतः चालवत खिंड ओलांडली तर ठीक. नाहीतर गाडी विकतेय." ती बोलते ते करते, म्हणून मला धास्ती बसली. वहिनी नसली की आमच्या टोळीत उरणार तीन म्हातारे आणि गुडघ्यांच्या गप्पा.

यंदा तिने आपल्या सीटचा फोम तासून तासून जवळजवळ फळी केली. "बूड गेलं खड्ड्यात, पाय टेकले पाहिजेत," म्हणाली. आणि मग आनंदाच्या भरात आम्हा तिघांच्या सीटाही नव्याने करायला घेतल्या, भेट म्हणून. एकेकाला दुकानात बोलावलं, गाडी मधल्या स्टँडवर चढवली, वर बसवलं, आणि विचारत राहिली, "इथे टोचतंय? की इथे?" दुहेरी शिवण, कडेला लाल पट्टी. बघतच राहावं अशा सीटा!

निघालो तेव्हा आम्ही तिघं हवेत होतो. डॉक्टर हेल्मेटमधून ओरडले, "वहिनी, दवाखान्यातली खुर्चीपण तुम्हीच करा! पेशंट झोपतील!" मास्तर कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, तेसुद्धा अंगठा वर करून गेले. वहिनीची मान त्या दिवशी फुटभर उंच झाली होती.

डांबर संपलं. पहिल्या चढावर मेंढरं आडवी आली म्हणून डॉक्टर थांबले आणि त्यांनी डावा पाय खाली सोडला. पाय गेला, गेला, जमीन काही येईना. मग डॉक्टर अगदी सावकाश, कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने कलले आणि मेंढरांसमोर आडवे झाले. मी हसून हसून लोळायचाच बाकी होतो. तीन मिनिटांनी मीही लोळलो, गाडीसकट. मास्तर थांबून आम्हाला सांगू लागले, "पाय कसा टेकवायचा, हे शिकवायला लागतं का या वयात? बघा, असा..." आणि 'असा' म्हणता म्हणता मास्तर दिसेनासे झाले. पिकअपवाले काका मागून आले ते स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत बसले.

तासाभरात आम्ही तिघं दोन-दोनदा पडलो. वहिनी एकदा. आमचं खिदळणं काही थांबेना, पण वहिनी हसत नव्हती. ती माझ्या गाडीजवळ आली, सीट अंगठ्याने दाबली, वाकून माझ्या टाचेखालचं अंतर बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! भावजी, मीच पाडतेय तुम्हाला."

"म्हणजे?"

"दीड इंच जास्त भरलाय फोम. सपाट रस्त्यावर बोटांवर भागलं, इथे दगडांत कसं भागणार? दुकानात गाडी मधल्या स्टँडवर असते हो. बूड दुखतं का तेवढं बघितलं. पाय टेकतात का, ते कुणी बघितलंय? तिथे टेकायचेच नसतात. आणि मी! मी स्वतः पाय पुरत नाहीत म्हणून दोन वर्षं रडतेय!"

ती रडकुंडीला आली, आणि आम्ही गाढव पुन्हा हसलो. मास्तरांनी घड्याळ बघितलं. दोननंतर वरचं बर्फ वितळून ओढा फुगतो, त्याआधी पार व्हायला हवं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही पुढे व्हा. तुमचं एकदाच झालंय, पाणीही कमी आहे. आत्ता गेलात तर खिंड तुमची. आम्ही बघतो आमचं."

"आणि वर एकटी उभी राहून काय करू? स्वतःसाठी टाळ्या वाजवू? उतरा खाली."

तिने पिशवीतून पक्कड आणि फोमचा सुरा काढला. दगडावर बसून एकेका सीटच्या पिना उपटल्या, रेक्झिन सोललं, फोम तासला. वाऱ्याने फोमचा भुगा आमच्या मिशांत, डोळ्यांत, सगळीकडे. पुन्हा पिना ठोकल्या तेव्हा त्या देखण्या सीटांवर या एवढाल्या चुण्या पडल्या होत्या. "कुणी शिवल्या म्हणून कुणाला सांगू नका," वहिनी म्हणाली. या सगळ्यात दोन तास गेले. मी घड्याळाकडे बघून मनातल्या मनात शिव्या घालत होतो, आणि ती शांतपणे लाल पट्टी सरळ करत होती.

ओढ्यावर पोचलो तेव्हा सव्वातीन. पाणी गुडघ्याला लागत होतं. आम्ही तिघं पार झालो, पाय टेकत, मजेत. वहिनीचं पुढचं चाक दगडावरून घसरलं. दोन. आम्ही धावत जाऊन गाडी उचलली. ती चिंब, दात वाजतायत, तरी म्हणते, "चला, चला, वेळ नको." पुढची पाऊण वाट तिने अशी चालवली की मास्तरांनाही एक चूक सापडली नाही. आणि शेवटच्या वळणावर, माथा पन्नास पावलांवर असताना, खडीत मागचं चाक फिरलं.

धाड. तीन.

वहिनी उठली आणि हेल्मेट काढून म्हणाली, "पिकअप येऊ दे."

माझं डोकं सटकलं. "खड्ड्यात गेला तो नियम! पन्नास पावलं राहिलीत!"

"भावजी, माझ्यासाठी वाकवायचा नाही. दोन वर्षं त्याच नियमाने बसले मी."

मास्तर गाडीवरून उतरले. वहिनीकडे बघितलं, आपल्या गाडीकडे बघितलं आणि त्या गाडीलाच सरळ एक धक्का दिला. गाडी खडीत आडवी. "माझीही तीन," म्हणाले. डॉक्टरांनी लगेच आपली ढकलली, आरसा फुटला. मग मी. आयुष्यात एवढ्या समाधानाने मी काही पाडलं नसेल!

पिकअपवाले काका आले आणि चार आडव्या गाड्या बघून घाबरेघुबरे झाले. "अपघात झाला का हो?"

"पिकअपमध्ये किती गाड्या मावतात?" मास्तरांनी विचारलं.

"एकच. तीही तिरकी."

मास्तर परीक्षा घ्यायच्या आवाजात म्हणाले, "कुणाची न्यायची याची नियमात तरतूद नाही. तरतूद नाही म्हणजे नियम आज लागू नाही. वहिनी, गाडी उचला."

"डोकी फिरलीत का तुमची? आरसा फोडलात! सीट उसवली असेल!" वहिनी ओरडत होती, हसत होती, रडत होती, सगळं एकदम. मग बसली, गिअर टाकला आणि गेली. आमच्या गाड्या तशाच टाकून आम्ही तिच्यामागे जड बुटांनी पळत सुटलो, ओरडत, धापा टाकत, तीन वेडे.

माथ्यावर ती थांबली होती. पलीकडे खाली हिरवी दरी, नदी, आणि ऊन. ती एकटक खाली बघत होती, म्हणून मी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"दोन्ही वर्षं मी इथून गेले," ती म्हणाली, "पण मागे हौद्यात बसून, गाडी पडू नये म्हणून तिला धरून, तोंड आलेल्या रस्त्याकडे. पलीकडे हे असं आहे होय!"

आम्ही तिघं तिच्या शेजारी उभे राहिलो. अंधारायच्या आत खाली पोचायचं होतं, पण त्या दिवशी चला म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही, मास्तरांनाही नाही.