दोन द्या, आमची तक्रार नाही

जयनगरच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या सुलभाबाई कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. हेडमास्तर बदलले, बाईंची पट्टी बदलली नाही. आजही बाजारात एखादा टक्कल पडलेला इंजिनिअर वाकून नमस्कार करतो आणि बायकोला सांगतो, या मिसच्या माराने मी माणसात आलो. बाईंना ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला.

त्याच बाईंच्या घशाखाली चार दिवस घास उतरत नव्हता.

झालं होतं असं. त्यांची मुलगी शलाका स्वीडनला असते. तिच्या पाच वर्षांच्या ध्रुवच्या बालवाडीत आजी-आजोबांचा दिवस होता आणि लांबच्या मंडळींना व्हिडिओ कॉलवर बोलावलं होतं. बाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या. ध्रुवच्या शिक्षिकेशी चार गोड शब्द बोलावेत म्हणून, दर जूनमध्ये पालकांच्या तोंडून ऐकलेलंच त्या आपल्या इंग्रजीत बोलल्या: ऐकलं नाही तर खुशाल दोन द्या, आमची काही तक्रार नाही. इथे कानडीत 'एरडु होडीरि, मिस', म्हणजे दोन द्या, असं म्हणणारा बाप म्हणजे शिक्षकावर पुरता विश्वास टाकणारा बाप. त्यात काही वावगं असेल हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. पडद्यावरची शिक्षिका मात्र हसायची थांबली.

दुसऱ्या दिवशी शलाकाचा फोन आला. तिकडे मुलाला चापट मारणंही कायद्याने बंद. शाळेने वर कळवलं होतं. गुरुवारी सरकारी खात्यातली एक बाई ध्रुवशी एकट्याशी बोलणार, मग आईबापांशी.

तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागला. पोराला घेऊनच गेले तर? एवढंसं पोर, घाबरून काहीबाही बोललं तर?

"अगं, शलाकाने कधी बोट तरी लावलंय का त्याला?" नवरा, श्रीकांतराव, म्हणाले.

"नाही ना. म्हणूनच तर बोलून गेले मी," बाई म्हणाल्या. "म्हटलं, निदान शाळेत तरी शिस्त लागेल."

"बरं, आता दोन घास खाऊन घे."

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजताच बाईंनी हिरवं बटण दाबलं.

"सगळं ठीक आहे," शलाका म्हणाली. "मला कुणी मारत नाही, असं ध्रुवने सांगितलं. प्रकरण मिटलं."

बाईंना रडूच फुटलं. "मग एवढा उशीर का गं? जीव टांगणीला लागला होता."

"त्या खात्यातल्या बाई मला विचारत होत्या. लहानपणी तुम्हाला मारायचे का, म्हणून."

बाईंनी डोळे पुसले. "तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं."

"अगं, पट्टी तर मी वर्गात सगळ्यांनाच…"

"मला दोन जास्त मिळायच्या, आई. स्वतःच्या मुलीला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून." शलाकाचा आवाज चढला नव्हता. "त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची. आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, घराच्या गेटच्या कडीची. शाळा सुटल्यावर तू वह्या तपासून मागून यायचीस ना, तेव्हा वाजायची ती."



"रोज?" बाईंनी विचारलं.

"रोज," शलाका म्हणाली.