काजूखाली पुरं झालेलं स्तोत्र

सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाची प्रार्थना देव नीट ऐकत असेल का, ही शंका मला फार वर्षं छळत होती. आमचं घर गडहिंग्लजकडचं, ख्रिस्ती. वडील गेले तशी शाळा सुटली आणि पुढे मी घाट उतरून गोव्यात पाळीला आलो, खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात. इथल्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थना कोकणीत, माझी मराठीत, त्यामुळे रविवारीसुद्धा मी खोलीत एकटाच बसायचो. स्वभाव आधीच काळजीचा. आई आजारी आहे असं कळलं, की वाटायचं, माझेच शब्द कमी पडतात, वर पोचेपर्यंत वाटेत विरून जातात. मग मनानं घेतलं, की बायबलातली स्तोत्रं मुळात ज्या हिब्रू भाषेत लिहिली गेली त्याच भाषेत म्हणायची. ते शब्द तरी देव ओळखेल.

गावाकडच्या चर्चच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी हिब्रू शिकायचं पातळसं पुस्तक दिलं होतं, समजावणी मराठीत. अक्षरं उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि त्यांच्याखाली स्वरांचे बारीक ठिपके. कामावरून आलो, हाताचं ग्रीस काढलं, की मी ते उघडून बसायचो. एक अक्षर बसायला आठवडा लागला तरी सोडलं नाही. आमच्यात लहान मुलांनाही 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे स्तोत्र पाठ असतं, तेच धरलं. माझे घरमालक रघूबाब गावच्या भजनात पेटी वाजवायचे. ते दारातून डोकावून म्हणत, "मुंग्यांचे पाय मोजता काय रे?" मी हसायचो. शिकायचो मात्र तोंड मिटून. चुकीचा उच्चार देवाच्या कानी गेला तर, अशी भीती.

अर्धं स्तोत्र झालं होतं. एके दिवशी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातली पिन हातोड्यानं ठोकून काढताना लोखंडाची कपची उडाली ती थेट उजव्या डोळ्यात. पणजीच्या इस्पितळात कपची काढली, डोळा बांधला. पट्टी सुटेपर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वाचायचं नाही, दुसऱ्या डोळ्यालाही ताण द्यायचा नाही. खाटेवर पडून मी एवढंच म्हणत होतो, की देवा, हे तुझं 'नको' आहे का? माझ्यासारख्यानं तुझ्या मूळ शब्दांना हात लावू नये, असं सांगतोस का? आई घाटापलीकडे. तिला कळवायचा धीर झाला नाही.

पाळीची तांबडी धूळ जखमेला बरी नाही म्हणून रघूबाबांनी मला कोरगावला, त्यांच्या बहिणीच्या घरी ठेवलं. निघण्याआधी मी त्यांच्यापाशी रडलो. आता माझं शिकणं संपलं म्हणालो. ते जरा चिडलेच. "तोंड बंद दवरून कोण भजन शिकता? आमच्यांत अर्ध्यांक अक्षर येयना. बुवा म्हणता, मागसून आमी म्हणतों. तुका येता तितकें मोठ्यान म्हण. पुढचें देव बघतलो."

कोरगावात काजूचे दिवस होते. रघूबाबांची बहीण, तिला मी बाय म्हणायचो, मला बागेच्या कडेला झाडाखाली बसवून कामाला लागायची. तिथं मी पहिल्यांदा तोंड उघडलं. येत होत्या तेवढ्या ओळी मोठ्यानं म्हटल्या. चाल ठाऊक नव्हती, म्हणून रघूबाबांच्या भजनाची लावली. अर्ध्यावर आलो की अडायचो आणि पुन्हा पहिल्यापासून. सकाळ-संध्याकाळ तेच. पुढचं येत नाही म्हणून आहे तेही टाकायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

एका दुपारी हर्मलच्या समुद्राकडे निघालेल्या एका गोऱ्या तरुणाची स्कूटर बागेसमोर बंद पडली. मी उठून गेलो. एक डोळा बांधलेला, तरी हातांना काम माहीत होतं. प्लग काढून पुसताना सवयीनं माझं म्हणणं चालूच राहिलं. नेहमीच्या जागी अडलो. आणि माझ्या पाठीमागून पुढची ओळ आली.

मी वळून बघितलं. तो तरुण रस्त्यात उभा होता, हात खाली सोडून. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला कळलं ते इतकंच, की तो ज्यू, त्यांची प्रार्थना हिब्रूतच. लहानपणी आजोबांनी त्याच्याकडून हे पाठ करून घेतलं होतं, आणि ते गेल्यापासून त्यानं ते उच्चारलं नव्हतं. स्कूटर तशीच राहिली. आम्ही काजूखाली बसलो. तो एक ओळ म्हणायचा, मागून मी. चुकलो की मान हलवायचा, पुन्हा म्हणायचा. बायनं दोघांना काजूचा गोड रस, नीरो, आणून दिला आणि म्हणाली, "भजनाक नवो बुवा मेळ्ळो रे तुका." ऊन उतरेपर्यंत स्तोत्र पुरं झालं. मग स्कूटर सुरू करून दिली. तो गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

हे कसं घडलं, यावर मी वाद घालत नाही. हर्मलला परदेशी लोक येतच असत, गाड्याही बंद पडत. मला जे मिळालं ते मी सांगतो.

पट्टी काढायला गेलो तेव्हा ठरवून गेलो होतो, की त्या क्षणी हिब्रूच म्हणायचं, सगळं, न चुकता. गोवा तेव्हा राज्य व्हायच्या बेतात होता. राजभाषेचं भांडण ताजं होतं आणि इस्पितळाच्या बाकावरही कोकणी की मराठी यावरून दोघं हुज्जत घालत होते. माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. मनात ओळी लावत होतो. डॉक्टरांनी कात्री लावली, गार हवा पापणीला लागली, आणि माझ्या तोंडून निघालं ते गडहिंग्लजच्या आमच्या घरातलं बोलणं: "देवा, मी हितं हाय. तुला बरं वाटंल तसं कर."

हिब्रूचा एक शब्द आठवला नाही. भीतीही उरली नव्हती. उजव्या डोळ्याला फक्त उजेड आणि सावली कळत होती. डॉक्टर हळू आवाजात सांगू लागले, तेव्हा मीच त्यांना म्हणालो, की ठीक आहे. ते बोलणं ऐकलं गेलंय, हे मला कळलं होतं. देवाकडून खूण अशी कुठलीच दिसली नाही, दिसायची गरजही वाटली नाही. त्याच संध्याकाळी आईला डोळ्याचं सगळं कळवलं.

हिब्रू मी सोडली नाही. देवानं ओळखावं म्हणून आता शिकत नाही. त्यानं आधीच ओळखलंय, म्हणून आनंदानं शिकतो. गॅरेजातल्या जुन्या फळीवर खडूनं हाताएवढी अक्षरं काढतो, डाव्या डोळ्यानं वाचतो आणि मोठ्यानं म्हणतो. सोबतचे हसतात. दुसरं स्तोत्र निम्म्यावर आलंय. पुढच्या ओळी कोण देईल ठाऊक नाही. मी म्हणत राहतो.