ब्राझील की अर्जेंटिना : अण्णांशी एकोणीस वर्षं घातलेला वाद

गोलपोस्टच्या सात जोड्या, एक लोखंडी स्कोअरबोर्ड, तालुक्याच्या स्पर्धेची ढाल आणि काल सकाळी अण्णांची तिरडी.

एवढं मी स्वतःच्या हातानं केलं.

वेल्डिंग मला कुणी शिकवलेलं नाही. बघून शिकलो, हात भाजून शिकलो. तिरडी बांधायला मात्र काल पहिल्यांदाच शिकलो.

अण्णा म्हणजे कुंडलचे निवृत्त हवालदार. पलटणीच्या टीममध्ये लेफ्ट बॅक. रोज संध्याकाळी पाचला स्कूटरवरून पलूसला माझ्या वर्कशॉपवर हजर.

पहिल्या दिवशी मी एका शाळेसाठी गोलपोस्ट करत होतो. हा अनोळखी माणूस आला आणि माझाच टेप उचलला.

"आतनं माप धरलंयस का बाहेरनं?"

"आतनं. चोवीस फूट. उंची आठ."

"बरा हायस. मॅच बघतोस?"

"व्हय. आपली टीम ब्राझील."

"मग वेल्डिंगच कर गड्या. फुटबॉल तुझं काम न्हवं."

अण्णा अर्जेंटिनाचे. तिथून जे सुरू झालं, ते एकोणीस वर्षं.

मी म्हणायचो, पाच वर्ल्ड कप.
ते म्हणायचे, "कप काय मोजतोस? खेळ बघ खेळ."

अर्जेंटिनानं तिसरा जिंकला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले आणि स्वतःच मोजायला लागले.

शेजारचा चहावाला विचारायचा, "आवं, त्यांच्या कोचला तरी ठावं हाय का, तुमी पलूसात भांडताय ते?"

नसणारच.

पण आमच्याकडं बांधावरून वाद झाला की दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. पाण्याच्या पाळीवरून झाला की डोकी फुटतात. ब्राझीलवरून कितीही भांडा, कुणाची गुंठाभर जमीन जात नाही. म्हणून पूर्ण जोर लावता येतो. समोरच्यानं तेवढ्याच जोरानं उलटून बोललं पाहिजे, एवढीच अट.

ती अट मी एकदा मोडली.

यंदा अण्णांची फुप्फुसं गेली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, थोडेच दिवस आहेत, पेशंटला सांगू नका.

आत गेलो.

"काय रं... तुझ्या... ब्राझीलचं?" दर शब्दाला एक श्वास.

मला ते बघवेना. म्हटलं, "जाऊ द्या अण्णा. तुमचंच बरोबर. अर्जेंटिनाच भारी."

अण्णांनी तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं, दमले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन.

"भावजी, काय बोललासा तुमी? कालपास्नं जेवंना झाल्यात. म्हणत्यात, त्यो गडी कवा हार मानत न्हाई. म्हंजी डॉक्टरनं त्याला सांगितलंय. आता माझं काय खरं न्हाई."

गोलपोस्टच्या मापात मी कधी पाव इंच चुकलेलो नाही. इथं चुकलो.

दुपारी गेलो. बसलोही नाही, दारातूनच सुरू केलं.

"काल तुमी दमला हुता म्हणून सोडलं. अर्जेंटिनाचा डिफेन्स म्हंजी बिनकडीचं दार!"

अण्णा हलले नाहीत.

"पाच कप, अण्णा. पाच."

नाहीच.

"आणि तुमी लेफ्ट बॅक हुता म्हणे. मला तर लय दिवस संशय हाय, तुमी राखीव खेळाडू."

तेव्हा वळले.

"कोण... राखीव... रं?"

वहिनींनी पेज आणली. अर्धी वाटी गेली, दर घोटाला मला एक शिवी. वहिनी दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या.

अण्णा खुळे नव्हते. काय ते त्यांना कळलेलंच होतं. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. नऊ दिवस रोज भांडलो.

शेवटच्या दिवशी त्यांनी उशीखालून घडी घातलेली नोट काढली आणि माझ्यापुढं धरली.

"म्हण... अर्जेंटिना भारी. एकदाच. ही घे."

डोळे माझ्यावरच.

मी नोट घडीसकट परत उशीखाली सारली. म्हटलं, "ब्राझील."

अण्णा मशीनच्या आवाजाच्या वर हसले.

शेवटचा रामराम, अण्णा.

पाचशे देत होता तुम्ही. मी घेतले नाहीत.