दत्तूनं काढलेला दादा

निरोप आला तेव्हा मी वर्गाला कळशी काढायला लावून खिडकीत उभा होतो. साताऱ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणजे वर्षभर कळशा, वांगी आणि फुलपात्री. दारात दत्तूचा चुलतभाऊ दिसला, मोटारीच्या धुळीनं माखलेला. तो आत येईना, म्हणून मीच बाहेर गेलो. "मास्तर, दत्तू गेला. मिरजेच्या दवाखान्यातनं घरी आणला हुता, पर..." क्षयाचं दुखणं, हे होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी वर्गात परतलो आणि एका पोराच्या कळशीचा काठ विनाकारण खोडत राहिलो. त्या निरोपाला महिना होत आला. अजून माझं चित्त कशात लागत नाही.

लढाई चालू होती तेव्हाची आमची ओळख. सांगलीत एका माडीवर आमचे मास्तर चित्रकलेचा वर्ग चालवत आणि मुलांना मुंबईच्या परीक्षांना बसवत. मी साताऱ्याहून आलेलो, दत्तू कुंडलकडच्या मळ्यातून. पहिल्या आठवड्यात त्यानं प्लास्टरच्या नाकाचं चित्र काढलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "हे नाक आहे की आलं?" सगळे हसले, दत्तूही हसला, आणि मग महिनाभर नाकच काढत बसला. मग कान, मग हात, मग कवटी. पेन्सिल हात लांब करून धरायची, डावा डोळा बारीक करायचा आणि माप घ्यायचं, ही सवय त्याला अशी जडली की जेवताना समोरच्याकडेही तो तसाच बघायचा. मास्तरांचा नियम एकच. समोर दिसेल तेच काढायचं. समोर माणूस नसताना काढलेला चेहरा खोटा, असं ते म्हणत, आणि आम्ही ते देववाणीसारखं धरलं.

पण समोर बसायला माणूस आणायचा कुठून? आमच्याकडे चित्र असतं ते मेलेल्या माणसाचं. माणूस गेला की फोटोवाल्याला बोलवायचं, प्रेत टेकवून बसवायचं, फोटो काढायचा, तो भिंतीला लावून हार घालायचा. दत्तूनं एका टांगेवाल्याला विचारलं तर तो भडकला. "मी मेलोय व्हय रं, माझं चित्र काढाय?" शेवटी जतकडचा एक धनगर, बाजारात घोंगडी विकायला आलेला, चहावर राजी झाला. बसल्या बसल्या दोनदा पेंगला आणि जाग आली की विचारायचा, "हार घालनार न्हाईसा न्हवं?" दत्तूनं त्याच्या गालाच्या सुरकुत्या कोळशानं अशा उतरवल्या की मास्तर मागं येऊन उभे राहिले आणि काहीही दुरुस्त न करता निघून गेले. त्या वर्गात याहून मोठी शाबासकी नव्हती. मला त्या दिवशी त्याचा हेवा वाटला.

त्याला शिकायला धाडलं ते त्याच्या थोरल्या भावानं, मारुतीनं. मारुती पलटणीत होता. अखेरच्या रजेवर आला तेव्हा मीही चार दिवस मळ्यावर होतो; दत्तू पाट मांडून मागं लागला होता, दादा बस, दादा बस. मारुती म्हणाला, "आल्यावर बसतो की. तवर तुझा हात बसू दे." मग ब्रह्मदेशातून सरकारी तार आली, बेपत्ता म्हणून. लढाई संपली, गावातले बाकीचे परत आले, मारुती आला नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. वडील दत्तूला म्हणाले, "तेवढ्यासाठी तर शिकलास. काढ त्याला." आई म्हणाली, "बेपत्ता म्हंजे मेला न्हवं," आणि उठून गोठ्यात गेली.

मी मळ्यावर गेलो तेव्हा खोलीभर फाडलेले कागद होते. दत्तू डोकं धरून बसलेला. "गड्या, दादाची चाल आठवती. खोकला आठवतो. तोंडच आठवत न्हाई." शिकल्यापासून त्यानं समोर नसलेलं काहीच काढलं नव्हतं, आणि आता जो काढायचा तो समोर येणारच नव्हता. मग त्यानं वडलांना बसवून कपाळ घेतलं, आईला बसवून हनुवटी घेतली, चुलतभावाचे कान घेतले. सगळं मिळून भलताच कुणीतरी व्हायचा. शेवटी त्यानं मारुतीचा पटका बांधला आणि आरशासमोर बसला. दोघं भाऊ तोंडवळ्यानं सारखे, असं सगळेच म्हणायचे.

ते त्याच्या हातचं सगळ्यात चांगलं चित्र. वडील बघून ढसाढसा रडले. भावकी येऊन बघून गेली, हा मारुतीच, म्हणाली. मीही तेच म्हणालो. आई मात्र कितीतरी वेळ बघत राहिली, मग चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. "भिंतीला लावायचं न्हाई." ती अजून मारुतीची वाट बघते आहे, असं आम्ही धरून चाललो. दत्तूनं तसं धरलं नाही. त्याला वाटलं, आपल्याला दादा जमला नाही.

त्यानंतर त्यानं माणसाचा चेहरा काढला नाही. परीक्षेला बस म्हणून मी किती डोकं फोडलं... "आईला वळख पटली न्हाई, परीक्षकाला काय पटनार?" सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवत राहिला. मग खोकला सुरू झाला. मिरजेच्या दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हा मुद्दाम कागद आणि कोळसा नेला होता. त्यानं हात लांब केला, डावा डोळा बारीक केला, माझ्या तोंडाचं माप घेतलं. मी मान ताठ धरून बसलो. पण हात खाली आला. "ऱ्हाऊ दे गड्या. मला तोंड जमत न्हाई." मला त्याचा असा संताप आला की मी नीट निरोपही घेतला नाही.

दत्तूचं दिवसकार्य झाल्यावर मळ्यावर गेलो. सोप्याच्या भिंतीवर ते चित्र होतं, त्याला झेंडूचा हार. मी दत्तूच्या आईला म्हणालो, "काकी, मारुतीला शेवटी लावलंत."

"मारुती कुठला? मारुती यायचा हाय अजून. ह्यो माझा दत्तू."

मी जवळ गेलो. पटक्याखाली एक डोळा किंचित बारीक होता, माप घेताना व्हायचा तसा. मारुती कधी तसं बघायचा नाही. इतकी वर्षं दत्तूच्या शेजारी बसून मला ते दिसलं नव्हतं.

"तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं?"

"आय हाय मी त्येंची. पर जित्या लेकाला हार घालू व्हय? म्हून पेटीत ठेवला."

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

तिनं पदरानं चित्राची कड पुसली. "किती जीव काढून दादा काढला हुता त्यानं. तू सोताला काढलंस, आसं कुठल्या तोंडानं सांगू?"

आईला ओळखच पटली नाही, असं दत्तूला शेवटपर्यंत वाटत राहिलं, ते तिला माहीत नव्हतं, आणि आता ते सांगून कुणाचं भलं होणार होतं... तिनं हात वर केला आणि चित्रातल्या डोळ्यावर आलेला हार जरा खाली ओढला.